मासाभरही न भरणारा गळ

अमेरिकेत लहान वस्तू मागणं हा जवळजवळ उद्धटपणा समजला जातो. कॉफीचा सगळ्यात लहान पेला मागितला तर काउंटरवरची मुलगी काळजीच्या सुरात विचारते, "एवढीच?" दूध गॅलनने, तांदूळ पोत्याने, टिश्यूपेपर बैलगाडीभर. एकट्या माणसाने ऑफिसला जायला वापरायच्या गाडीत आपल्याकडे अख्खं वऱ्हाड बसलं असतं आणि वर बँडवाल्यांचीही सोय झाली असती. अशा देशात, मिनेसोटा राज्यात, ऑक्टोबर संपत आला की एक जमात एकाएकी सूक्ष्माच्या उपासनेला लागते. सहा फुटांवर उंची, छातीवर दाढी, पायात लाकूडतोड्याचे बूट, असे पुरुष मासेमारीच्या दुकानात एका कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेले दिसतात. गुडघे टेकायचे, कारण सगळ्यात बारीक माल दुकानदार सगळ्यात खालच्या हुकांना टांगतो. उपासकांनी चिमटीत काहीतरी धरलेलं असतं, ते दिव्यासमोर नेऊन एक डोळा मिटून पाहणं चालू असतं, आणि चेहऱ्यावर भाव असा की लेकीच्या लग्नाचे हिरे निवडतायत.

चिमटीत असतो जिग. म्हणजे एक बारीक गळ, त्याच्या मानेवर धातूचा रंगीत मणी आणि मागे दोन-चार पिसं किंवा रबराची शेपटी. बस, एवढंच. याच्यासाठी घरून निघताना ट्रक, ट्रकामागे ट्रेलर, ट्रेलरवर सतरा फुटी बोट, बोटीला साठ घोड्यांचं इंजिन आणि पाण्याखालचं दाखवणारा टीव्हीएवढा पडदा. हा सगळा सरंजाम ज्या वस्तूसाठी तळ्यावर जातो, ती वस्तू जोरात शिंक आली तर उडून जाते.

आता मासे कोणते, ते सांगायला हवं. ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च. या सगळ्यांना मिळून म्हणतात पॅनफिश, कारण अख्खा मासा तव्यात मावतो. मानमरातब काही नाही. मिनेसोटाचा सरकारी मासा वॉलाय. १९६५ साली त्याला तसा दर्जाच दिला. मे महिन्यात वॉलायचा हंगाम उघडतो तेव्हा राज्याचे गव्हर्नर स्वतः काठी घेऊन बोटीत बसतात. ही प्रथा १९४८ पासून चालू आहे. पॅनफिशचा हंगाम उघडत नाही, कारण तो मिटतच नाही. बारा महिने कुणीही यावं आणि धरावं. शाळकरी पोरं उन्हाळ्यात धक्क्यावर पाय सोडून बसतात, गळाला गांडूळ नाहीतर पावाची गोळी लावतात आणि तासाभरात बादली भरतात. उन्हाळ्यात ब्लूगिल धरायला अक्कल लागत नाही, फक्त उन्हाची टोपी लागते.

पण पानं गळून गेली, धक्के उपसून काठावर रचले गेले, बोटी पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या गेल्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंदूकवाले भडक नारिंगी जाकिटं घालून हरणांच्या मागे जंगलात गेले, की हाच बावळट मासा एकदम बुद्धिजीवी होतो. समोर आलेलं लगेच खात नाही. बघतो. मागे सरकतो. पुन्हा बघतो. आणि बहुधा निघून जातो. मग त्याच्या मागे लागलेले लोक तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बारीक करतात, गळ बारीक करतात, आमिष बारीक करतात. फक्त खर्च तेवढा मोठा होत जातो.

या खरेदीत नवख्याला पहिला धक्का बसतो तो आकड्यांचा. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. १२ नंबरचा गळ १० नंबरहून लहान, १० चा ८ हून लहान. हे पाठ करून माणूस जरा स्थिरस्थावर होतो, तोवर १ नंबर येतो आणि तिथून गाडी उलटी फिरते. पुढचा १/०, मग २/०, मग ३/०, आणि हे मात्र वाढत्या आकाराचे. पॅनफिशवाल्याला ८ च्या पलीकडेच राहायचं असल्यामुळे तो वाचतो. वजनाचं काम अपूर्णांकात. उन्हाळ्यात १/१६ औंसाचा जिग चालतो, हिवाळ्याच्या तोंडावर १/३२ वर यावं लागतं, मग १/६४, आणि फारच भक्तिभाव असेल तर १/८०. छेद मोठा तर संख्या लहान, हे आमच्या पिढीला चौथीत छडीने शिकवलेलं आहे. त्या छडीचा उपयोग आयुष्यात प्रथम झाला तो इथे.

औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. त्याचे ६४ भाग केले की ०.४४ ग्रॅम येतात. ग्रॅमच्या खाली गेलं की मराठी माणसाला सोनारच आठवतो. ८ गुंजांचा एक मासा, १२ माशांचा एक तोळा, आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे हा जिग साडेतीन गुंजांच्या किंचित वर जातो. १/३२ चा घेतला, तरी तो पुरता मासाभर भरत नाही. मासा धरायला निघालेल्या वस्तूने मासाभरही वजन धरू नये, यापुढे लक्ष्मी रोडवरच्या सराफांचा तराजूच हवा.

सोनाराचं नाव मी उगाच घेत नाही. हे मणी पूर्वी शिशाचे असत, अजूनही पुष्कळ असतात. पण आता जाणकार टंगस्टनचे घेतात. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, म्हणजे तेवढ्याच वजनाचा मणी आणखी लहान करता येतो. सोन्याची घनताही १९.३ च. खोट्या सोन्याच्या लगडीत टंगस्टन भरणारे महाभाग जगात आहेत ते यामुळेच. शिसं सोडण्याला आणखी एक कारण आहे आणि ते या सगळ्या वेडात खरोखर शहाणपणाचं आहे. मिनेसोटाचा राज्यपक्षी लून तळाचे खडे गिळतो, खड्यांबरोबर कुणाचा तुटलेला शिशाचा जिग गिळतो आणि मरतो. तेव्हा टंगस्टन घ्यावंच. फक्त किंमत बघायची नाही. एका मण्याला दोन-तीन डॉलर पडतात, म्हणजे ग्रॅमच्या हिशेबाने आपण चांदीच्या वरची वस्तू दोऱ्याला बांधून चिखलात सोडतोय. असा हिशेब माझी पत्नी करते. मी करत नाही.

मासा असा का वागतो, याचं उत्तर पाण्यात आहे. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. उन्हाळ्यात तळ्यात कोमट पाण्याचा थर वर आणि गार पाण्याचा थर खाली, असे दोन संसार वेगळे चाललेले असतात. शरदात वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बसू लागतं. वाऱ्याचा रेटा मिळतो आणि अख्खं तळं तळापासून ढवळून निघतं. मंत्रिमंडळाच्या खांदेपालटात होतं तेच इथे होतं. काही दिवस गाळ वर येतो, एखाद्या लहान तळ्याला कुजकट वाससुद्धा सुटतो, कोण कुठे गेलं कळत नाही, आणि धुरळा बसला की वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं तापमान एकच. एरवी खोल पाण्यात प्राणवायू नव्हता, आता तोही मिळतो. मग काठचं शेवाळ-गवत सोडून मासे खोल जातात. क्रॅपी तर मधल्या मध्ये, ना तळाला ना वर, अधांतरी थवे करून राहतो.

मासा थंड रक्ताचा. पाणी गारठलं की त्याचा जठराग्नी मंदावतो, भूक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यात ब्लूगिलचं तोंड मुळातच एवढंसं. या दिवसांत तो खातो ते काय, तर डॅफ्निया नावाचे पाण्यातले मिलिमीटरभर जीव. अशा लंघनावर असलेल्या प्राण्यापुढे उन्हाळ्यातला जाडजूड जिग नाचवत नेणं म्हणजे एकादशीला मटणाचं ताट. आणि वर पाणीही या दिवसांत नितळ. शेवाळ मेलेलं, गाळ बसलेला. आमच्या मिनेटोंका तळ्यात तर २०१० साली झेब्रा शिंपले सापडले. ते बाहेरून आलेले, मुळावर उठलेले जीव, पण पाणी गाळायच्या कामात भलतेच तत्पर. माशाला आता तंगूस दिसतं, गाठ दिसते, आणि मला दाट संशय आहे की वर वाकलेला माझा चेहराही दिसतो.

तंगूस बारीक करायचं खरं कारण मात्र माशाची नजर नाही. कारण असं की अर्ध्या ग्रॅमच्या मण्याला जाड तंगूस झेपतच नाही. रिळावर गुंडाळलेलं तंगूस थंडीत कडक होतं, वेटोळी धरून बसतं, आणि पाण्यात सोडलं तरी ती वेटोळी सरळ होत नाहीत. आठ पौंडी तंगसाला १/६४ चा जिग बांधा, तो खाली जाणार नाही. पाण्यात तिरका लटकून राहील. म्हणून चार पौंडी, आणि कट्टर असाल तर दोन पौंडी. दोन पौंडी म्हणजे ९०० ग्रॅमच्या ओढीला तुटणारं. जाडी साधारण ०.१३ मिलिमीटर, आपल्या डोक्यावरच्या केसाहून थोडीच जास्त. आमच्या वयाच्या पुरुषांना ही तुलना जरा जिव्हारी लागते. नायलॉन १९३५ साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलं. त्याआधी लोक रेशमाचा धागा नाहीतर घोड्याच्या शेपटीचे केस वळून मासे धरत. आता फ्लुरोकार्बनचं तंगूस निघालं आहे. त्यातून प्रकाश जवळजवळ पाण्यासारखाच वळतो, त्यामुळे ते पाण्यात कमी दिसतं. पाण्यात कमी दिसतं हे छानच, पण हातातही कमी दिसतं, हे पाकिटावर छापत नाहीत.

आता गाठ. या विषयावर मी जरा सावकाश बोलणार आहे.

तपमान शून्याच्या आसपास. वारा वायव्येचा. हातमोज्यांची बोटं कापलेली, कारण मोज्यासह गाठ बसत नाही आणि मोज्याविना बोटं चालत नाहीत. जिगच्या डोक्यावर तंगूस ओवायला एक बारीक नेढं असतं. कारखान्यात मणी रंगवताना ते रंगाने बुजून जातं. बुजलं आहे हे उघड्या डोळ्याने कळत नाही. चाळशी लावावी लागते. चाळशी लावली की नाकातून निघणारी वाफ काचेवर बसते. ती पुसायला जिग खाली ठेवावा लागतो. खाली बोटीत राखाडी गालिचा अंथरलेला असतो आणि जिगही राखाडी. पुढची पाच मिनिटं दोन मोठी माणसं गुडघ्यावर बसून गालिचा चाचपतात. बोलत नाहीत. पाहणाऱ्याला वाटावं, प्रार्थना चालली आहे. यथावकाश जिग सापडतो, बहुधा कुणाच्या तरी तळव्याला. मग दुसऱ्या गळाच्या टोकाने नेढ्यातला रंग खरवडायचा, श्वास रोखून तंगसाचं टोक आत घालायचं, टोक दुसऱ्या बाजूने बाहेर आलं का ते जिभेने पाहायचं, कारण बोटांना आता काही कळत नाही. पाच वेढे द्यायचे, टोक मागच्या फटीतून काढायचं. ओढण्याआधी थुंकीने ओलं करायचं. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाने तापून तंगूस जळतं आणि तिथेच तुटतं. उरलेलं टोक नखं कापायच्या यंत्राने छाटायचं, ते यंत्र गळ्यात दोरीला टांगलेलं असतं. हे सगळं बिनचूक जमलं की जिग पाण्यात जातो, तळाशी बुडालेल्या फांदीत अडकतो आणि तुटतो.

गाठ राहिली तरी काठीच्या कड्या गोठतात. ओलं तंगूस कडीतून गेलं की थेंब तिथेच बर्फ होतो, कडी बुजते, तंगूस अडतं. यावर उपाय म्हणून कड्यांना ओठांचं मलम फासतात. माझ्या खिशात या दिवसांत सदैव एक कांडी असते. माझे ओठ फुटलेले असतात, माझ्या काठीच्या कड्या मऊ.

आमच्या शेजारचे आजोबा या विद्येतले अधिकारी पुरुष. आयुष्यभर टपाल वाटलं, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी जिग ठेवायला औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी घेतली आहे, ती सोमवार ते रविवारवाली. सोमवारी गुलाबी, मंगळवारी चार्ट्रूस नावाचा पोपटी-पिवळा, बुधवारी काळा, अशी वाटणी. रक्तदाबाच्या गोळ्यांची डबीही अगदी तशीच असल्यामुळे आजींनी तिच्यावर लाल पट्टी चिकटवली आणि 'ही गिळायची' असं लिहिलं. आजोबा बोलतात तेही १/६४ च्या मापाने. मिनेसोटाचे लोक मुळात कमी बोलणारे. दिवसभरात एकही मासा लागला नाही तर ते म्हणतात, "बरं होतं." भरपूर लागले तर म्हणतात, "वाईट नव्हतं." आपल्याकडे 'काय सांगू, अहो!' पासून सुरू होणाऱ्या हकिकतीला त्यांच्यात जागाच नाही. कोणत्या तळ्यावर लागले असं विचारलं तर हात ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे फिरवून म्हणतात, "तिकडे." मिनेसोटात दहा एकरांवरची ११,८४२ तळी आहेत. गाड्यांच्या पाट्यांवर मात्र दहा हजार तळी असंच छापतात. इथले लोक सरकारी फुशारकीही खाली उतरवून मारतात, ती अशी.

आजोबांचं मुख्य सूत्र एकच: हलवू नका. उन्हाळ्यात जिग नाचवावा, आता नुसता टांगून ठेवावा. गारठलेल्या माशाला पाठलाग नको असतो. पण काठीच्या टोकाला अगदी सूक्ष्म कंप असावा. तो कसा द्यायचा हे शिकवणारे व्हिडिओ मी तासन्‌तास पाहिले. थंडीत हात आपोआप देतात.

आणि मासा लागला हे कळणं ही आणखी वेगळी साधना. आपल्याला लहानपणापासून माहीत काय, तर तरंगणारा बॉबर बुडाला की ओढायचं. क्रॅपीचे डोळे डोक्यावर जरा वरच्या अंगाला असतात, तो खालून वर येऊन खातो. जिग तोंडात घेऊन तो वर उचलतो, त्यामुळे बॉबरवरचा भार कमी होतो आणि बॉबर बुडण्याऐवजी चक्क वर येतो, नाहीतर आडवा पडतो. म्हणजे काही घडल्याची खूण ही की होतं तेही थांबलं. क्षणभरात हलका हात द्यायचा. जोरात ओढलं तर क्रॅपीचं तोंड कागदाइतकं पातळ, टर्रकन फाटतं. हळू ओढलं तर त्याने तोवर थुंकलेलं असतं. मधलं जे काही आहे ते आजोबांना येतं.

वेळेचं तर विचारूच नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या आत सूर्य मावळतो. क्रॅपी खातो तिन्हीसांजेला. म्हणजे मासे नेमके ऑफिसच्या वेळेत जेवतात. दर नोव्हेंबरात माझ्या दातांची प्रकृती नाजूक होते आणि दुपारी तीननंतर वारंवार दंतवैद्याकडे जावं लागतं. वरिष्ठ समजूतदार आहेत. त्यांचेही दात याच महिन्यात दुखतात.

त्यात दिवाळी. हा हंगाम आणि फराळाचा हंगाम दरवर्षी एकमेकांवर येऊन आदळतात. गळाच्या टोकाला लावायचा जीव म्हणजे मेणपतंगाची अळी, पांढरी आणि गुबगुबीत. भुशात घालून लहान गोल डब्यात मिळते. गारव्यात ठेवली तर टिकते, ऊब लागली की पतंग व्हायच्या मार्गाला लागते. म्हणून डबा फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये चक्का टांगून झालेला, ओलं खोबरं किसलेलं, करंज्यांचं सारण तयार. पत्नीने डबा पाहिला, झाकण उघडलं, झाकण लावलं. "अहो," एवढंच म्हणाली. या 'अहो'चा अर्थ कळायला वीस वर्षांचा संसार लागतो. डबा गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजमध्ये गेला. आमच्या घरी त्याला 'तुमचा फराळ' म्हणतात.

अशाच एका दिवाळीला मालवणहून मामा आला. मामाचं बालपण कर्लीच्या खाडीत गरवण्यात गेलेलं. मी कौतुकाने टंगस्टनचे जिग पुढे केले. त्याने एक तळहातावर घेतला, शोधला, सापडल्यावर म्हणाला, "ह्यां काय रे? ही गरी? ह्येच्यान मासो गावतलो, का हसान मरतलो?" किंमत ऐकल्यावर मात्र स्वतःच हसायचा थांबला. "सोन्याच्या भावान घेतलंस मरे!" घनतेचा हिशेब त्याला कुणी सांगितला नव्हता.

मामासाठी बाहेरगावच्यांचा तीन दिवसांचा परवाना काढला. "गरवूक परवानो? आणि तो पण पैशे देवन?" यावर त्याने लोकशाहीबद्दल दोन शब्द सांगितले, ते इथे देत नाही. मला वाटलं, आता हा जाड तंगूस मागणार, मोठी गरी मागणार, आणि मला बोटीत बसवून खाडीचं शास्त्र शिकवणार. पण पहिला ब्लूगिल वर आला तेव्हा त्याने तो हातात धरला, बाजूने पाहिला, मग बोटाने खालचा ओठ उघडून आत पाहिलं. "ह्येचां तोंड बघ. काळुंदराचांच." काळुंदर आमच्या खाडीतलं. पसरट अंग, आणि तोंड इवलंसं. टोचून टोचून आमिष नेतं आणि मोठ्या गरीकडे ढुंकूनही पाहत नाही. मग मामाने अधिकारवाणीने सांगितलं की तुझी गरी अजून मोठी आहे, याहून लहान नाही काय? आठ हजार मैलांवरून आलेला माणूस मला १/८० वर नेऊन सोडून गेला. जाताना दोन पाकिटं पिशवीत टाकून घेऊन गेला, काळुंदरासाठी. पैशांचा विषय त्याने काढला नाही.

या एवढ्याशा माशाने जगात काय काय केलं आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६० साली जपानचे युवराज अकिहितो अमेरिकेला आले असता शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. युवराज स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ. आपल्या निवट्या ज्या गोतातल्या, त्या गोबी माशांवर त्यांचा अभ्यास. त्यांनी ते मासे संशोधन केंद्राला दिले, तिथून ते सुटले आणि बिवा तळ्यासह जपानभर पसरून तिथल्या माशांच्या जिवावर उठले. तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ साली जाहीर खंत व्यक्त केली. सम्राटाला दिलगिरी व्यक्त करायला लावणारा मासा आणि त्याला साडेतीन गुंजांच्या वर झेपत नाही!

तो घरच्या तळ्यात मात्र खुरटत चालला आहे. ब्लूगिलमध्ये घरटं राखायचं काम मोठे नर करतात. लोक हौसेने नेमके तेच मोठे उचलून नेतात. मग दरारा ठेवणारं कुणी उरत नाही, लहान नर अंग भरण्याआधीच प्रपंचाला लागतात आणि पुढे वाढतच नाहीत. मिनेसोटात दिवसाला २० सनफिश (ब्लूगिल याच गोतातला) न्यायची मुभा आहे, पण याच कारणाने कित्येक तळ्यांवर ती १० किंवा ५ वर आणली आहे. माझ्या मते हा नियम सगळीकडेच यावा. तळहाताला पुरून उरेल असा ब्लूगिल लागला की फोटो काढावा आणि सोडून द्यावा. सहा-सात इंची न्यावेत.

न्यावेत, पण त्यांचं पुढे काय करतात, ते मराठी डोळ्यांनी पाहवत नाही. इथे मासा फिलेट करतात. म्हणजे डोकं फेकायचं, काटा फेकायचा, कातडी फेकायची आणि दोन बाजूंचे जे दोन पापुद्रे उरतील ते बिअरच्या पिठात बुडवून तळायचे. सहा इंची ब्लूगिलमधून निघणारा पापुद्रा तळल्यावर पिठातच शोधावा लागतो. एवढे कष्ट, एवढी थंडी, आणि खायचं शेवटी तळलेलं पीठ. आम्ही खवले काढून, पोट साफ करून, अंगावर चिरा देऊन, हळद-तिखट-मीठ आणि आगळ चोळून, रव्यात घोळवून अख्खा तव्यावर टाकतो. काट्यासकट. आजोबांना एकदा दिला. त्यांनी निमूटपणे सगळा खाल्ला, काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला आणि म्हणाले, "वाईट नव्हतं." मिनेसोटात याहून मोठा पुरस्कार नाही.

डिसेंबर उजाडला की तळी गोठतात. बर्फ चार इंचांचा झाला की सरकारी सल्ल्याप्रमाणे त्यावर चालायला हरकत नाही, आणि हेच जिग, हेच तंगूस घेऊन लोक भोक पाडून बसतात. म्हणजे खरेदी वाया जात नाही, असं घरी सांगता येतं.

ज्यांना हा नाद करायचाच असेल त्यांच्यासाठी माझं मत: चाळशी लागली असेल तर दोन पौंडी तंगसाच्या वाटेला जाऊ नका. चार पौंडी घ्या, जिग १/३२ चा घ्या, टंगस्टनचाच घ्या, आणि बोटीत गालिचा असेल तर आधी तो काढा. अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय नोव्हेंबरच्या पाण्यावर जाऊ नका. आणि दिवाळीच्या सुमारास कोकणातून कुणी मिनेसोटाकडे निघणार असेल, तर मासे इथे आहेत, रवा इथे मिळतो, तिखट मिळतं. आगळाची बाटली मात्र येताना घेऊन या. दोन आणल्यात तरी चालेल.